नमुन्याचं नाव

१

टाचणीला सगळे टाचणी म्हणत, कारण लहानपणी ती तशीच होती. बारीक, टोकदार आणि नको तिथे सापडणारी. आता तिला आठवा महिना लागला होता आणि दुकानाच्या दारातून आत येताना तिला जरा तिरकं व्हावं लागे, तरी टोपणनाव काही सुटलं नव्हतं. "टाचणी आली, वाट द्या!" असं तिचा बाप आतून ओरडायचा आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसायचा.

बापाला गल्लीतली लहानथोर सगळी मास्तर म्हणत. मास्तरांचं दुकान कपड्यांवर नावं भरून देण्याचं होतं. डॉक्टरांचे पांढरे कोट, हॉटेलांचे टॉवेल, पोरांची दप्तरं, फुटबॉलच्या संघांची जाकिटं, काय वाटेल ते. पुढे काउंटर, समोर दाराशेजारी कोट अंगावर घालून बघायला उंच आरसा, काउंटरच्या मागे जाड पडदा आणि पडद्यामागच्या खोलीत दोन मशिनं. नवं, कॉम्प्युटरला जोडलेलं मशीन टाचणीचं. जुनं, पायाने चालवायचं, मास्तरांचं. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मास्तरांना खपत नसे.

पण दुकान चालायचं ते टाचणीच्या जिभेवर. गिऱ्हाइकाने नाव सांगितलं की ती त्याचा अर्थ सांगायची, तोही फुकट. निम्मे अर्थ तिला खरंच ठाऊक असत. उरलेले ती तिथल्या तिथे जुळवायची. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंना तिने ठोकून दिलं होतं, "तुमच्या नावाचा अर्थ, जिचा हात लागला तरी दुखत नाही ती." बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तो अर्थ दवाखान्याच्या पाटीवर रंगवून घेतला. पुढे दवाखान्यात रांगा लागल्या, आणि बाईंच्या हाताला जादू आहे असं जो तो सांगू लागला.

"कशाला खोटं सांगतेस लोकांना?" मास्तर म्हणाले.

"खोटं कुठे? आधी नव्हता तो अर्थ, आता झाला की नाही?"

मास्तर मान हलवत पडद्यामागे गेले. खरं सांगायचं तर टाचणीलाही आपण बोललो त्यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

२

या धंद्यात नवा दोरा लावला, सुई बदलली, की आधी चिंधीवर नमुना काढून बघतात. धागा सैल पडतोय का, कापड गोळा होतंय का, ते तिथेच कळतं. नमुन्याला कुणी फूल काढतं, कुणी स्वतःची सही. मास्तर एक नाव भरायचे, नेहमी तेच.

तीन अक्षरांचं ते नाव त्यांनी तरुणपणी स्वतःच जुळवलं होतं. त्यात एक सरळ काठी होती, एक गोल होता, एक अवघड गाठ होती आणि शेवटी लांब शेपूट होतं. "एवढं धड उतरलं की जगातलं कुठलंही नाव उतरतं," असं ते सांगत. ऐकायला ते मुलीचं नाव वाटे. मात्र ते कुणाचं नव्हतं आणि त्याला अर्थही नव्हता.

पाय मारता मारता मास्तर त्या नावाशी बोलत. "ये ग. ये बाई, ये लवकर." धागा तुटला की "रुसली." शेवटचं शेपूट सफाईने उतरलं की "आली बघ!" टाचणी हे अंगाईसारखं ऐकत लहानाची मोठी झाली होती. आणि नमुनाच तो, त्यामुळे त्याची मागची बाजू कुणी साफ करत नसे. गाठी, लोंबते दोरे, सगळं तसंच ठेवून चिंधी टोपलीत जायची. टोपली भरली की कोपऱ्यावरचा गॅरेजवाला हात पुसायला चिंध्या घेऊन जायचा.

"मुलगी झाली तर मी हेच नाव ठेवणार," टाचणीने एके दिवशी जाहीर केलं.

मास्तरांचे पाय थांबले. "ते कामाचं नाव आहे ग."

"मग येतंय की कामाला."

"त्याला अर्थ नाही काही."

"मी देते ना! सगळ्या गावाला वाटत बसले, पोटच्या पोरीला नको द्यायला? आणि बाबा, कुणीसुद्धा न वापरलेलं नाव आहे. अगदी कोरं करकरीत."

"बघ बाई," मास्तर म्हणाले. ते एवढंच म्हणाले याचं टाचणीला नवल वाटलं, कारण एका वाक्यावर थांबणारा तिचा बाप नव्हे.

तिने त्याच दुपारी मऊ पिवळं पांघरूण घेतलं आणि त्याच्या कोपऱ्यावर ते नाव निळ्या दोऱ्याने भरलं. पहिल्यांदाच ते नाव चिंधीवर नाही, खऱ्या कापडावर उतरलं. मागच्या गाठी कापल्या, अस्तर लावलं, घडी घालून काउंटरच्या खणात ठेवलं. मन कसं भरून आलं होतं तिचं. येणाऱ्या जिवाला आता नाव होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा फोन वाजला.

"माझं झालं का हो तयार?" बाईचा आवाज होता, छान मोकळा, हसरा. "न्यायला कधी येऊ?"

"नाव सांगा," टाचणी पेन्सिल उचलत म्हणाली.

बाईने नाव सांगितलं. तेच, तीन अक्षरी.

टाचणी आधी खो-खो हसली, मग तिने फोन आपटला. हे कुणाचं काम ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि थट्टामस्करी हा त्याचा जोडधंदा होता. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिने त्याला दारातच धरलं.

"कुणाला बोलायला लावलंस?"

"कुणाला नाही, खरंच! आणि मला बाईचा आवाज काढता आला असता तर लिफ्टच्या खड्ड्यात कशाला उतरलो असतो? आत बसून 'कृपया दरवाजा बंद करा' म्हटलं असतं आणि पगार घेतला असता."

तो खोटं बोलत असला की त्याचा कान लाल व्हायचा. कान अगदी नेहमीचाच होता.

मग टाचणीने अकलेला कामाला लावलं. जग केवढं मोठं आहे. बापाने जुळवलं तसं आणखी कुणी जुळवलं असेल. असेल एखादीचं. काम दुसरीकडे टाकलं असेल आणि फोन इकडे लागला असेल. हे सगळं तिला पटलं. पटलं नाही ते एवढंच, की फोनमध्ये बाईच्या मागे पायमशिनचा आवाज येत होता, खटखट, खटखट, मध्येच थांबणारा, अगदी मास्तरांच्या मशिनसारखा. ऐकताना तिला तो आपल्याच मागच्या खोलीतला वाटला होता. पण तेव्हा मास्तर तिच्या शेजारी काउंटरला टेकून चहा पीत उभे होते.

४

आठवडा मजेत गेला. बाळाच्या टोपड्यांवरून बापलेकीचं दोनदा भांडण झालं, दोन्ही वेळा टाचणी जिंकली. मग गॅरेजवाला आला तो रिकामी टोपली हलवत.

"मास्तर, चिंध्या द्या लवकर. हात पुसायला पँट तेवढी उरलीय, आणि घरी गेलो की तिच्यावरून बोलणी खातो."

"परवाच तर टोपलीभर नेल्यास," टाचणी म्हणाली.

"त्या तुमच्या बाईंनी परत नेल्या ना."

"कुठल्या बाईंनी?"

"आता मला काय माहीत? काल दुपारी आल्या आणि म्हणाल्या, ह्या माझ्या आहेत. मी म्हटलं, बाई, चिंध्या आहेत हो. तर एकेक उचलून दाखवायला लागल्या, हे बघा नाव, हे बघा नाव. सगळ्यांवर तेच. आता नाव घातलेली वस्तू माणसाला नाही कशी म्हणणार? तेलात भिजलेल्यासुद्धा नेल्या."

"दिसायला कशा होत्या?"

गॅरेजवाल्याने मान खाजवली. "चांगल्या होत्या. हसऱ्या. कुठेतरी बघितल्यासारखं वाटलं. आणि वळण फार हो! जाताना पाठ नाही दाखवली. तशाच हसत हसत मागे चालत गेल्या, पार रस्त्यापर्यंत. म्हटलं, ही जुनी माणसं, मोठ्यांना पाठ दाखवत नाहीत. पण मी कुठला एवढा मोठा?" असं म्हणून तो आपणच हसला.

टाचणीही हसली. तिने त्याला दुसऱ्या चिंध्या बांधून दिल्या. मग मागच्या खोलीत जाऊन तिने पाहिलं तर मास्तर मशिनवर बसले होते, पुढ्यात चिंधी होती, आणि सुई चिंधीवर टेकवून ते नुसतेच थांबले होते.

"बाबा, ऐकलंत?"

"ऐकलं."

"कोण असेल हो?"

"मला विचारतेस?" मास्तर हलकेच म्हणाले. "मी तर उगीच म्हणायचो, ये म्हणून. माणूस कामात काहीतरी बडबडतोच की."

तेवढ्यात पोटात बाळाने अशी लाथ मारली की दोघांचं बोलणं तिथेच राहिलं. पण त्या दुपारी टाचणीने पहिल्यांदा पोटावर हात ठेवला तो कौतुकाने नव्हे. कोरं नाव म्हणून आपण पोरीला दुसऱ्याचं तर देत नाही ना, ही शंका तिच्या मनात शिरली. आणि ज्याचं आहे ते मागायला आलं, तर ते नुसतं नावच मागेल कशावरून?

५

ती आली भर दुपारी, लख्ख उन्हात.

टाचणी पडद्यामागे टॉवेल भरत होती. पुढे कुणीतरी आलं, मास्तर काही बोलले, हसले. गिऱ्हाईक ओळखीचं असावं म्हणून तिने लक्ष दिलं नाही. मग मशीन दोरा बदलायला थांबलं आणि पलीकडचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं.

"बाबा, किती बोलावलंत हो! मलाच यायला उशीर झाला."

त्या दुकानात येणारा प्रत्येक जण मास्तर म्हणे. बाबा म्हणणारी जगात एकच होती, आणि ती पडद्याच्या अलीकडे बसली होती.

टाचणी उठली. पडदा बाजूला केला.

काउंटरपलीकडे एक बाई उभी होती. चेहरा खरंच गोड, हसरा, मायेचा. गोरी म्हणावी की सावळी, ते मात्र सांगता येत नव्हतं, जिथे नजर ठेवावी तिथे वेगळंच वाटे. अंगावर बऱ्याच रंगांचं काहीतरी होतं. पिवळं पांघरूण खणातून निघून काउंटरवर आलं होतं आणि तिचा हात त्यावर होता. मास्तर तिच्याकडे बघत होते, एखादं काम मनासारखं उतरल्यावर बघावं तसे. त्यांच्या हातातला कप कलला होता आणि चहा त्यांच्या चपलेवर सांडत होता.

"आली बघ," ते पुटपुटले.

"हे माझं नाही ग ताई," बाई पांघरुणावरून हात फिरवत म्हणाली. "नाव माझं आहे, पण मापात कुठे बसतेय मी?" आणि ती मनापासून हसली. हसू इतकं निर्मळ होतं की टाचणीलाही हसू फुटेल असं वाटलं. "बाळाला देणार आहेस ना? दे की. माझं काही म्हणणं नाही. फक्त मला आधी अर्थ सांग. सगळ्यांना सांगतेस, मी ऐकत असते. मलाच कुणी सांगितला नाही."

टाचणी उत्तर देणार होती. पण तिची नजर बाईच्या खांद्यावरून पलीकडे, दाराशेजारच्या आरशात गेली. आरशात बाईची पाठ दिसत होती.

टाचणीने ती पाहिली ती डोळ्याची पापणी लवेपर्यंतच. गाठी होत्या. सुटे, लोंबते दोरे होते, डोक्यापासून खालपर्यंत, एका रंगातून दुसऱ्या रंगात कशाही मारलेल्या उड्या होत्या. कपड्याची पाठ कुठे संपते आणि मानेची कुठे सुरू होते, ते तिने शोधलं नाही. पुढे उभ्या असलेल्या त्या हसऱ्या चेहऱ्याची ती मागची बाजू होती आणि ती कुणी साफ केलेली नव्हती.

तिच्या पाचावर धारण बसली. पोटात बाळ एकदम निश्चल झालं.

"सांग ना," बाई म्हणाली. रागाने नव्हे, लाडाने.

काहीतरी सांगायलाच हवं होतं. आणि जे सांगू ते होऊन बसेल, हेही टाचणीला त्या क्षणी लख्ख कळत होतं. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासमोरची रांग तिला दिसत होती. माझ्या बाळाला इजा होता कामा नये, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता, आणि त्या विचाराला मिळाला तो शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला.

"सांभाळणारी," ती म्हणाली. "तुझ्या नावाचा अर्थ सांभाळणारी."

"सांभाळणारी," बाईने तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. तिचा चेहरा उजळला. "छान आहे ग! सांभाळणारी. कुणाला?"

 बाईची नजर सावकाश खाली आली आणि टाचणीच्या पोटावर थांबली.

"कळलं," ती म्हणाली. आणि तशीच हसत, तोंड दुकानाकडेच ठेवून, मागे मागे चालत उन्हात गेली.

६

"जाकीट असेल ग तसलं. ठिगळांची फॅशन आहे हल्ली," नवऱ्याने समजूत काढली. टाचणीने ती काढू दिली. पांघरुणावरचं नाव तिने उसवून टाकलं. मास्तर नमुन्याला आता आकडे भरू लागले आणि भरताना तोंड मिटून बसू लागले.

वेळ भरताच मुलगी झाली. गुटगुटीत, काळ्याभोर डोळ्यांची. तिचं नाव ठेवलं ते अगदी साधं, प्रत्येक वर्गात तीन तरी सापडतात असं. अर्थ विचारला की टाचणी पुस्तकात बघून सांगायची, पदरचं एक अक्षर घालायची नाही.

पोर भलतीच गुणी निघाली. रडायची म्हणून नाही. शेजारणी म्हणत, "नशीब काढलंस बाई!" नवऱ्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली नाहीत, उलट तो जाड झाला.

"तू फार करतेस हं," एकदा नाश्ता करताना तो म्हणाला. "मी उठायच्या आत तूच उठतेस, तिला थोपटतेस. मला गाढवासारखं झोपू देतेस."

टाचणीचा घास हातातच राहिला. "मी? मी तर कधीच उठले नाही. मला वाटलं तूच उठतोस."

 कितीतरी दिवस दोघं मनातल्या मनात एकमेकांचे आभार मानत होते.

मग टाचणी लक्ष देऊ लागली. सरकलेलं पांघरूण परत अंगावर आलेलं असे. उन्हाची तिरीप पोरीच्या डोळ्यांवर यायच्या आत खिडकीचा पडदा ओढलेला असे. इजा म्हणाल तर कसली नव्हती. इतक्या मायेने कुणी आपलं पोर सांभाळत असेल तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची? पण टाचणी जवळ गेली की लेक तिच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघे आणि मान दुसरीकडे, पाळण्याच्या रिकाम्या बाजूला वळवून खुशीत हातपाय हलवी. दूध पिऊन झालं की ती आईच्या कुशीत टिकत नसे. पोर रडत नाही, रडून आपल्याला बोलावत नाही, याचं टाचणीला आता रडू येऊ लागलं.

ती दुकानात बापासमोर जाऊन बसली. "बाबा, तिला माझी गरजच नाही हो उरली."

मास्तरांनी सुईतला दोरा ओढून काढला. मग म्हणाले, "बोलावली मी. अर्थ तू दिलास. तो तूच बदल. दुसरं कुणाच्या हातात नाही ते."

टाचणी घरी आली. दुपार होती, घर उजेडाने भरलं होतं. आतल्या खोलीचं दार ओढलेलं होतं आणि पलीकडे लेक एकटीच गुंगुं करत खेळत होती. टाचणीने वाटेत चांगला अर्थ जुळवून आणला होता, दुखावणार नाही असा, पण दूर नेणारा. तिने दाराला हात टेकवला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या नावाने मोठ्याने हाक मारली.

आतलं गुंगुं थांबलं.

"माझी चूक झाली ग," टाचणी म्हणाली. आवाज हसरा ठेवायचा ती खूप प्रयत्न करत होती. "अर्थ चुकला माझा. तुझ्या नावाचा खरा अर्थ, लांबच्या गावी सुखाने राहणारी. ऐकलंस ना? लांबच्या गावी."

 मग दाराच्या अगदी पलीकडून, टाचणीच्या तळहाताच्या उंचीवर, तो मोकळा, मायेचा आवाज आला.

"राहू दे ग ताई. मला हाच आवडलाय."

आणि आत लेक खुदकन हसली.